मराठीचा विद्यापीठीय अभ्यास, लेखांक 7 : पोथीचा पाठ आणि वृत्तपत्राचा अंक

विद्यापीठीय विभागांची आखणी पाहिली असता भाषा, साहित्य आणि माध्यमे ही तीन स्वतंत्र क्षेत्रे वाटतात. पुण्यात तर मराठी विभाग गणेशखिंडीच्या आवारात, पत्रकारितेचे शिक्षण रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि भाषाविज्ञानाची परंपरा डेक्कन कॉलेजात अशी त्यांची वाढही निरनिराळ्या वास्तूंत झाली. ही विभागणी कारभाराला सोयीची असली, तरी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याशी निगडित लेखन अभ्यासाला घेतले की ती फार काळ टिकत नाही.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सराळे येथील म्हाइंभटाने महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली जमवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यासाठी तो स्वामींच्या सहवासात राहिलेल्यांकडे स्वतः जात असे आणि एकाच प्रसंगाची निरनिराळी कथने मिळाली की तो भेद मिटवून टाकण्याऐवजी नोंदवून ठेवी. आजच्या वार्ताहरालाही ही शिस्त दर वेळी साधत नाही. पंथपरंपरेनुसार मूळ प्रत पुढे परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा केला. त्यामुळे त्याचे अनेक पाठ, म्हणजे हस्तलिखितागणिक बदलणारी शब्दरूपे, निर्माण झाले. या पाठांची तुलना करून मुळाच्या अधिकाधिक जवळ जाण्याच्या शास्त्राला पाठचिकित्सा म्हणतात. यादवकालीन मराठीचे व्याकरण मांडणाऱ्याला हे शास्त्र टाळता येत नाही, कारण पोथीतील एखादे क्रियापदरूप म्हाइंभटाच्या काळचे आहे की दोन-तीनशे वर्षांनंतरच्या लेखनिकाचे, हे ठरल्याखेरीज त्यावर नियम उभारता येत नाही. नेवाशाला शके 1212 मध्ये पूर्ण झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’लाही हेच लागू पडते; पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये तिची पाठशुद्धी केली, यावरून तोवर पाठ किती ढळले असावेत याची कल्पना येते.

छापखान्यामुळे पाठ स्थिर झाला, पण दुसरा प्रश्न पुढे आला. अमेरिकन मराठी मिशनने 1842 साली अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ सुरू केले. धर्मप्रसार हे त्याचे उघड प्रयोजन होते. याच नियतकालिकात 1855 साली फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत छापला गेला, आणि आज दलित साहित्याच्या इतिहासाची सुरुवात करताना अभ्यासक वारंवार त्याच्याकडे वळतात. मात्र हा निबंध केवळ साहित्यकृती म्हणून वाचला, तर मिशनच्या पत्राने तो का छापला, त्याचा अपेक्षित वाचक कोण होता आणि ब्राह्मणी धर्मव्यवस्थेवरील ती टीका त्या पत्राच्या भूमिकेशी कोठे जुळत होती, हे प्रश्न बाजूलाच राहतात. ते विचारण्यासाठी निवडक उताऱ्यांच्या संग्रहाऐवजी मूळ अंक, त्यातील शेजारच्या मजकुरासह, वाचावे लागतात, आणि मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात या वाचनाला आज मिळते त्याहून बरीच अधिक जागा हवी. 1912 पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन करणारे नारायण वामन टिळक हे स्वतः कवी होते; त्यांची कविता साहित्य विभागाने आणि संपादकीय लेखन पत्रकारिता विभागाने वाचायचे ठरवले, तर दोघांच्याही हाती अर्धेच टिळक लागतील.