बाकावरचा बारावा

मुलांनो, कबड्डीच्या संघात खेळाडू किती? "सात!" असं तुम्ही एका दमात ओरडाल. पण हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. मैदानात सात असतात, संघ मात्र असतो बारा जणांचा. मग उरलेले पाच कुठे जातात? ते असतात रेषेबाहेर. पाण्याच्या बाटल्या सांभाळत, दुसऱ्यांच्या चपलांवर लक्ष ठेवत आणि घसा बसेपर्यंत ओरडत! त्यांना म्हणतात राखीव खेळाडू.

आमच्या शाळेचा मुलींचा संघ केंद्रस्तरीय स्पर्धेला गेला होता, तेव्हाची गोष्ट. पाचवीतली एक मुलगी संघात बारावी होती. सराव तिने एक दिवसही चुकवला नव्हता. सामन्यात आम्ही अठरा गुणांनी पुढे होतो आणि शेवटची तीन मिनिटं उरली होती. तिने वेण्या घट्ट बांधल्या, ओढणी कमरेला खोचली आणि दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी मात्र गुणफलकाकडे बघत होते. पंचांची शिट्टी वाजली, आम्ही जिंकलो, पोरी नाचल्या. परत येताना मिनीडोरमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "बाई, मी खेळले असं घरी सांगू, की नको सांगू?"

मला उत्तर सुचलं नाही. चूक माझीच होती. त्या दिवसापासून राखीव खेळाडूंबद्दल जिथे जे मिळेल, ते मी वाचत गेले. त्यातलंच थोडं आज तुम्हाला सांगते.

नावापुढे दोनचा आकडा

आपल्याकडे राखीव म्हणजे बाकावर बसलेले चारपाच जण. युरोपातल्या फुटबॉल क्लबांचा मात्र अख्खा दुसरा संघच असतो! पोलंड या देशाचंच उदाहरण घ्या. वॉर्सा ही त्याची राजधानी. तिथे लेगिया नावाचा मोठा क्लब आहे. त्याच्या दुसऱ्या संघाच्या नावापुढे रोमन दोनचा आकडा लावतात. पोझनान शहरातल्या लेख क्लबाचंही तसंच. हा दुसरा संघ खालच्या श्रेणीच्या लीगमध्ये खरेखुरे सामने खेळतो. थोरल्या संघाच्या बरोबरीने एकाच लीगमध्ये खेळायची त्याला परवानगी नसते. नाहीतर भाऊ भावाविरुद्ध कसा खेळणार, हो ना?

या दुसऱ्या संघात कोण असतं? शाळा संपवून नुकती आलेली पोरं, दुखापतीतून उठलेले मोठे खेळाडू आणि थोरल्या संघात जागा नसलेले काही जण. म्हणजे बाकावर बसून गंजायचं नाही, दर आठवड्याला खेळत राहायचं.

लेगियाच्या दुसऱ्या संघात 2005 साली एक सडपातळ मुलगा आला. त्याला दुखापत झाली आणि 2006 साली क्लबने त्याला सोडून दिलं. तेव्हा तो अठरा वर्षांचाही नव्हता. तो जवळच्याच प्रुशकुव गावातल्या झ्निच या छोट्या क्लबात गेला. पहिल्या वर्षी तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये त्याने सर्वांत जास्त गोल केले. दुसऱ्या वर्षी संघ वरच्या श्रेणीत गेला, तर तिथेही सर्वांत जास्त गोल त्याचेच! पुढे 2020-21 च्या हंगामात जर्मनीच्या लीगमध्ये बायर्न म्युनिककडून त्याने 41 गोल केले आणि गेर्ड म्युलरचा जवळजवळ पन्नास वर्षांचा विक्रम मोडला. ओळखलंत ना? रॉबर्ट लेवांडोव्स्की! पोलंडसाठी त्याच्याइतके गोल दुसऱ्या कुणीच केलेले नाहीत. आणि त्याला सोडून दिलं होतं ते दुसऱ्या संघातून!

दोन दिवस पॅड बांधून

आता आपल्या मुंबईत येऊ. फेब्रुवारी 1988, आझाद मैदान. हॅरिस शील्डचा उपान्त्य सामना, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. शारदाश्रमचे दोन गडी 84 धावांवर बाद झाले. मग सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची जोडी जमली आणि ती फुटलीच नाही. 664 धावांची भागीदारी झाली. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349. ही गोष्ट तुमच्या आईबाबांनाही पाठ असेल.

पण त्याच वेळी तंबूत एक तेरा वर्षांचा मुलगा पॅड बांधून बसला होता. पुढचा फलंदाज तोच होता. पहिला दिवस गेला, दुसऱ्या दिवशी डाव घोषित झाला. त्याची पाळी काही आली नाही. त्याचं नाव अमोल मुझुमदार.

पुढे तो मुंबईच्या रणजी संघात आला. 1993-94 च्या हंगामात हरियाणाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने 260 धावा ठोकल्या. प्रथम श्रेणीतल्या पदार्पणाचा तो तेव्हा जागतिक विक्रम होता. आता हा भारताकडून खेळणारच, असं सगळे म्हणू लागले. पण भारताच्या संघात त्या वर्षांत कोण होते? तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण! मधल्या फळीत जागाच होईना. अमोल मात्र खेळत राहिला. त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने 2006-07 चा रणजी करंडक जिंकला. प्रथम श्रेणीत त्याने 11,167 धावा केल्या, 30 शतकं काढली आणि भारताकडून एकही सामना न खेळता 2014 साली तो निवृत्त झाला.

तुम्ही म्हणाल, हा अन्यायच की! त्याच्याही आधी मुंबईत पद्माकर शिवलकर नावाचे डावखुरे फिरकी गोलंदाज होऊन गेले. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत मिळून अवघ्या 34 धावांत 13 गडी बाद केले! प्रथम श्रेणीत त्यांचे 589 बळी आहेत. पण त्याच काळात भारताकडे बिशनसिंग बेदी होते, तेही डावखुरे फिरकी गोलंदाज. बेदी 67 कसोटी खेळले, शिवलकर एकही नाही. त्यांना 2017 साली सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. मार्च 2025 मध्ये ते वारले.

म्हणून तुम्हाला खोटं सांगत नाही. वाट पाहणाऱ्या प्रत्येकाची पाळी येतेच असं नाही. कधीकधी तुम्ही कमी पडत नाही. तुमच्या जागेवर उभा असलेला दुसराही तितकाच चांगला असतो, एवढंच.

पनवेलपासून सहावं स्टेशन

पण गोष्ट इथे संपत नाही. पनवेलहून लोकलमध्ये बसा. खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स आणि सहावं स्टेशन नेरुळ. तिथे डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. 2025 साली महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच झाला. भारताच्या संघाचे प्रशिक्षक कोण होते? तेच, पॅड बांधून बसलेले अमोल मुझुमदार!

संघाची सलामीची फलंदाज होती प्रतिका रावल. स्पर्धेत तिने 308 धावा केल्या होत्या. पण 26 ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्ध, याच मैदानावर, क्षेत्ररक्षण करताना तिचा पाय मुरगळला आणि ती स्पर्धेबाहेर गेली. तिच्या जागी बोलावणं गेलं शेफाली वर्माला. शेफाली मूळ पंधरा जणींत नव्हती. वर्षभर ती एकदिवसीय संघाबाहेर होती आणि हरियाणाकडून देशातल्या स्पर्धा खेळत होती. उपान्त्य सामन्यात तिने केल्या फक्त 10 धावा.

2 नोव्हेंबरला अंतिम सामना. पाऊस पडला, खेळ उशिरा सुरू झाला. शेफालीने 78 चेंडूंत 87 धावा केल्या. नंतर कर्णधार हरमनप्रीत कौरने चेंडू तिच्या हातात दिला. नेहमी गोलंदाजी न करणाऱ्या शेफालीने लागोपाठच्या दोन षटकांत दोन गडी टिपले. भारत 52 धावांनी जिंकला. आपल्या महिला संघाचा हा पहिलाच विश्वचषक! सामन्याची सर्वोत्तम खेळाडू ठरली शेफाली.

आणि प्रतिका? ती चाकांच्या खुर्चीत बसून मैदानात आली, तिरंगा खांद्यावर घेऊन. त्या रात्री तिला पदक मिळालं नाही, कारण यादीत तिच्या जागी शेफालीचं नाव होतं. पुढे तिलाही तिचं पदक मिळालं. बघा हं, आठवड्याभरात बाहेरची आत आली आणि आतली बाहेर गेली. दोघींशिवाय तो चषक आला नसता.

आमच्या शाळेत

त्या मिनीडोरमध्ये मी शेवटी काय सांगितलं, ते ऐका. म्हटलं, "खेळले असं सांगू नकोस. संघात होते, असं सांग. आणि बाई चुकल्या, असंही सांग."

पुढच्या वर्षी ती सहावीत गेली. तरी राखीवच होती. पण या वेळी दहा गुणांची आघाडी होताच मी पंचांना हात केला आणि तिला आत पाठवलं. पहिल्याच चढाईत तिची पकड झाली. गुडघे लाल मातीने माखून ती बाहेर आली. मला वाटलं, आता रडणार. तिने बाटली उचलली, गटागट पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, आज घरी सांगणार!"

मुलांनो, पुढचा सामना बघायला जाल, तेव्हा रेषेबाहेर बसलेल्या पाच जणांकडेही एकदा बघा. आणि तुमच्यापैकी जे कर्णधार असतील त्यांनी आघाडी मोठी असली की बाईंना, सरांना आठवण करून द्यायची. मोठी माणसं विसरतात. मी विसरले होते ना!