ताऱ्यांची जन्मकथा

माघ महिन्यांत रात्रीं आठ-नवाच्या सुमारास दक्षिणेकडे उंच पाहिलें असतां मृग नक्षत्र सहज ओळखूं येतें. त्यांतील बाणाच्या तीन ताऱ्यांखालीं जो धूसर ठिपका दिसतो, तो तारा नव्हे. तो वायु व धूळ यांचा प्रचंड मेघ आहे. तेथील प्रकाश आपणांपर्यंत येण्यास सुमारें १३०० वर्षें लागतात. त्या मेघांत आजही तारे जन्मास येत आहेत. ही जन्मकथा थोडक्यांत वाचकांपुढें ठेवावी, असा आमचा हेतु आहे.

विश्वाचा आरंभ सुमारें १३८० कोटी वर्षांपूर्वीं अत्यंत तप्त व दाट अवस्थेंतून झाला, असें बहुतेक ज्योतिर्विद मानतात. पहिल्या कांहीं मिनिटांतच द्रव्याची वांटणी ठरली: वजनानें सुमारें तीन चतुर्थांश हायड्रोजन, उरलेला बहुतेक हेलियम. पुढें कोट्यवधि वर्षें सर्वत्र अंधार होता. परंतु श्रीमंताकडेच पैसा जावा, त्याप्रमाणें जेथें वायु किंचित् अधिक दाट होता, तेथें गुरुत्वाकर्षणानें आणखी वायु ओढला गेला. मेघ आकसले, त्यांच्या पोटांत उष्णता वाढली, आणि ती सुमारें एक कोटी अंशांवर पोंचतांच हायड्रोजनचा हेलियम होऊं लागला. हाच ताऱ्याचा जन्म होय.

या पहिल्या ताऱ्यांभोंवतीं आपल्या पृथ्वीसारखा ग्रह होणें मात्र शक्य नव्हतें. कारण दगड, माती व लोह यांस लागणारीं मूलद्रव्यें तेव्हां नव्हतींच. तीं ताऱ्यांच्याच भट्टींत शिजलीं, हें बर्बिज पतिपत्नी, फाउलर व हॉइल या चौघांनीं १९५७ सालीं सविस्तर मांडलें. आयुष्याच्या अखेरीस कित्येक तारे स्फोट पावून हें धन अवकाशांत उधळून देतात. आपल्या स्वयंपाकघरांतील तव्याचें लोखंड आणि आपल्या रक्तांतील लोह यांचें माहेर एकच आहे!

अशा समृद्ध झालेल्या एका मेघापासून सुमारें ४६० कोटी वर्षांपूर्वीं आपली सूर्यमाला झाली. आकसतांना मेघ अधिक वेगानें फिरूं लागला व चकतीप्रमाणें चपटा झाला. मध्यें सूर्य पेटला. भोंवतालच्या धुळीचे कण एकमेकांस चिकटून गोटे, गोट्यांचे पर्वत व पर्वतांचे ग्रह झाले. सूर्याजवळच्या उष्णतेंत खडक व धातु एवढेच टिकले; दूरच्या थंडींत बर्फही गोठलें, म्हणून गुरूसारखे ग्रह विशाल झाले. या कल्पनेचें मूळ कान्ट (१७५५) व लाप्लास (१७९६) यांच्या विचारांत आहे. २०१४ सालीं चिली देशांतील आल्मा दुर्बिणींनीं वृषभ राशींतील एका तरुण ताऱ्याभोंवतीं अशीच वलयांकित चकती टिपली.

येथें आम्हांस एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. संकल्पांत आपण ज्या कल्पाचा उच्चार करतों, तो ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीच्या वयाशीं हा आंकडा जवळजवळ जुळतो. त्यामुळें 'आमच्या पूर्वजांस हें सर्व ठाऊकच होतें' असें म्हणण्याचा मोह पुष्कळांस होतो. एवढ्या दीर्घ काळाची कल्पना करणाऱ्या पूर्वजांच्या बुद्धीचें कौतुक अवश्य करावें. परंतु पॅटरसन यांनीं १९५६ सालीं ४५५ कोटी हें वय काढलें, तें उल्कापाषाणांतील शिशाचें प्रमाण मोजून. एक कल्पना, दुसरें मापन. दोहोंची गल्लत केल्यानें धर्माची प्रतिष्ठा वाढत नाहीं आणि शास्त्राची मात्र हानि होते.

कोल्हापुरांत जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनीं वर सांगितलेल्या आरंभाच्या कल्पनेवरच जन्मभर शंका घेतली; पण ती गणित व पुरावा पुढें ठेवून. बहुतेक ज्योतिर्विदांस त्यांचें मत पटलें नाहीं, तरी त्यांचा मान कमी झाला नाहीं. आपल्या मुलांस तयार अभिमान देण्यापेक्षां 'हें कशावरून?' असें विचारण्याची ही संवय द्यावी. मृगांतील तो धूसर ठिपका तीस आरंभ करण्यास पुरेसा आहे.