हरवलेला परवलीचा शब्द

गडाच्या दरवाज्यावर विचारला जाणारा परवलीचा शब्द आतां संगणकांतील कागदालाहि लागतो. देवळी तालुक्यांतील आमच्या शेताच्या वाटणीचा मसुदा माझ्या दिवंगत बंधूंनीं असाच कुलुपांत ठेवला. शब्द मात्र कोणास सांगितला नाहीं.

ई-मेलचें खातें उघडेना, तर नवा शब्द मागतां येतो. तेथें पहारेकरी असतो, व ओळख पटली कीं तो आंत सोडतो. कागदाचें तसें नाहीं. आजच्या पद्धतींत त्या शब्दापासूनच किल्ली घडते व तिनें सबंध मजकूर गूढ लिपींत जातो. विनवणी करावी कोणाला? ई-आधारची गोष्ट निराळी. तेथें नांवाचीं पहिलीं चार इंग्रजी मोठीं अक्षरें व जन्मवर्ष, असा नियमच आहे.

बंधूंच्या संवयी आठवून मीं गांवाचें नांव, बैलाचें नांव, सालें, सर्व जोडून पाहिलें. व्यर्थ! नुसत्या ६ लहान इंग्रजी अक्षरांचे ३० कोटींहून अधिक शब्द होतात. ८ अक्षरांचे २०,००० कोटींहून अधिक.

अखेर बंधूंनीं पुतण्यास पूर्वीं धाडलेली, कुलूप न लावलेली प्रत सांपडली. तिच्या आधारें आम्हीं वाटणी केली. त्यानंतर बंधूंनीं मसुद्यांत कांहीं बदललें होतें कीं नाहीं, तें आम्हांस ठाऊक नाहीं.