डिजिटल संग्रहातील संपादन-अधिकारांचे नियंत्रण : डीस्पेस प्रणालीच्या संदर्भात

प्रस्तावना :
ग्रंथालयात दाखल झालेल्या मुद्रित प्रबंधातील मजकूर सहसा बदलत नाही. डिजिटल प्रतीचे तसे नाही. संपादनाची मुभा असलेली व्यक्ती प्रबंधाचे शीर्षक, मार्गदर्शकाचे नाव, इतकेच नव्हे तर मूळ फाईलही बदलू शकते आणि त्या प्रबंधाचा संदर्भ देणाऱ्या अभ्यासकास त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून 'पाहणे' आणि 'बदलणे' हे अधिकार वेगळे ठेवणे अगत्याचे ठरते. एमआयटी ग्रंथालये व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००२ मध्ये उपलब्ध करून दिलेल्या डीस्पेस या मुक्तस्रोत प्रणालीच्या आधारे ही व्यवस्था समजून घेता येते.

अधिकारांची रचना :
डीस्पेसमध्ये कम्युनिटी, कलेक्शन, आयटम, बंडल व बिटस्ट्रीम अशी उतरंड असते. बिटस्ट्रीम म्हणजे प्रत्यक्ष फाईल. प्रत्येक पायरीवर कोणत्या गटास कोणती कृती करता येईल याचे धोरण नोंदविले जाते. धोरण नसेल तर परवानगी नाही, हे यातील मूलतत्त्व होय. आयटमवरील 'राइट' अधिकाराने वर्णनात्मक नोंद बदलता येते. बंडलमध्ये फाईल घालण्या-काढण्यासाठी 'अ‍ॅड' व 'रिमूव्ह' लागतात. साहजिकच शीर्षकातील शुद्धलेखन सुधारणाऱ्या सहायकाच्या हाती फाईल सोपविण्याचे कारण उरत नाही. मात्र 'राइट' मिळताच नोंदीतील सर्वच रकाने खुले होतात. विषयशीर्षके बदलावीत, परंतु लेखकनाम बदलू नये, अशी सूक्ष्म विभागणी या धोरणांनी साधत नाही, ही उणीवच म्हणावी लागेल.

खरी गफलत वारशाच्या बाबतीत होते. कलेक्शनवरील मूलभूत वाचन-धोरण आयटम संग्रहात दाखल होतानाच त्यास लागू होते. पुढे कलेक्शनचे धोरण कडक केले तरी आधीचे आयटम पूर्ववत खुलेच राहतात. त्यांची धोरणे वेगळी बदलावी लागतात. ग्रंथपाल निर्धास्त आणि जुने प्रबंध उघडे, अशी अवस्था त्यातून उद्भवते.

प्रशासक गटाला मात्र कोणतेच धोरण अडवीत नाही. त्यामुळे हा गट लहान ठेवून दैनंदिन काम कलेक्शन-प्रशासकाकडे द्यावे. आयटम कायमचा पुसण्याची त्याची मुभा संरचना-फाईलमधून काढूनही घेता येते. आयटम स्वीकारणे वा मागे घेणे या कृतींची नोंद कर्त्याच्या नावासह होते. परंतु सर्वांनी एकच खाते वापरल्यास (आणि ही सवय दुर्मीळ नाही) त्या नोंदीवरून प्रत्यक्ष कर्ता कोण हे ठरविता येत नाही.