डिस्ककडे जाणारा दुसरा मार्ग

मोठ्या संस्थांचे डेटाबेस ज्या युनिक्स आणि लिनक्स सर्व्हरवर चालतात, त्यांचा डेटा बहुधा त्याच यंत्रात नसतो. तो स्टोरेजच्या स्वतंत्र कपाटात असतो आणि सर्व्हर त्याच्यापर्यंत ऑप्टिकल फायबरच्या जाळ्यातून पोहोचतो. या जाळ्याला स्टोरेज एरिया नेटवर्क किंवा थोडक्यात ‘सॅन’ म्हणतात. सर्व्हरमधले फायबर चॅनेल कार्ड, केबल, स्विच, पुन्हा केबल आणि स्टोरेजचा कंट्रोलर अशी ही साखळी असते. तिची एक कडी तुटली तरी डिस्क धडधाकट असूनही सर्व्हरला दिसेनाशी होते. म्हणून सर्व्हर आणि डिस्क यांच्यात एकाहून अधिक मार्ग ठेवतात. एक मार्ग बंद पडताच काम दुसऱ्यावर वळण्याच्या क्रियेला ‘फेलओव्हर’ म्हणतात.

मार्ग खरोखर वेगळे हवेत

नेहमीच्या मांडणीत सर्व्हरमध्ये दोन कार्डे असतात. पहिले एका स्विचला जोडतात, दुसरे दुसऱ्या स्विचला. हे दोन स्विच एकमेकांना जोडत नाहीत, कारण एका जाळ्यातला बिघाड दुसऱ्यात पसरता कामा नये. प्रत्येक स्विचपासून स्टोरेजच्या दोन्ही कंट्रोलरकडे केबल जाते. त्यामुळे एकाच डिस्कपर्यंत चार मार्ग तयार होतात. कोणत्या कार्डाला स्टोरेजचे कोणते पोर्ट दिसावे, हे स्विचवर ‘झोनिंग’ करून ठरवतात.

मार्ग मोजून चार भरले म्हणजे सुरक्षितता आली असे नव्हे. दोन पोर्ट असलेले एकच कार्ड वापरले, तर ते कार्ड जळताच दोन्ही पोर्ट जातात. दोन्ही स्विच एकाच वीजजोडणीवर असतील, तर दोन्ही एकदम बंद पडतात. त्यामुळे आखणी करताना कार्ड, स्विच, कंट्रोलर, वीज आणि केबल यांपैकी प्रत्येक वस्तू एकेक करून गेली असे गृहीत धरून उरलेला मार्ग तपासावा लागतो.

चार डिस्क नव्हे, एकच

मल्टिपाथ सॉफ्टवेअर नसेल, तर चार मार्गांनी दिसणारी एक डिस्क लिनक्सला चार वेगळ्या डिस्क वाटते. त्यांतल्या दोन नावांवरून स्वतंत्रपणे लिहिले गेले, तर डेटा बिघडू शकतो. मल्टिपाथ सॉफ्टवेअर प्रत्येक डिस्कला तिचा जगात एकमेव असलेला ओळखक्रमांक विचारते. क्रमांक सारखा आला की ते सगळे मार्ग एकाच नावाखाली गोळा करते. लिनक्समध्ये हे काम डिव्हाइस मॅपर मल्टिपाथ करते, सोलारिसमध्ये एमपीएक्सआयओ. आयबीएमच्या एआयएक्समध्ये ५.२ या आवृत्तीपासून एमपीआयओ आले, तर एचपी-यूएक्सच्या ११आय व्ही३ आवृत्तीत ही सोय मूळ प्रणालीतच मिळाली.

सगळे मार्ग सारख्या दर्जाचे असतातच असे नाही. अनेक स्टोरेजमध्ये प्रत्येक डिस्कची मालकी एका कंट्रोलरकडे असते. त्या कंट्रोलरकडे जाणारे मार्ग जवळचे. दुसऱ्या कंट्रोलरमार्गे जाणारी मागणी आतल्या आत वळसा घेते आणि वेळ अधिक लागतो. कोणता मार्ग जवळचा हे सर्व्हरला कळवण्याच्या प्रमाणित पद्धतीला ‘अलुआ’ म्हणतात. मल्टिपाथ सॉफ्टवेअर जवळच्या मार्गांचा गट आधी वापरते आणि तो पूर्ण गेला की दुसऱ्या गटाकडे वळते.

वेळेचे गणित

संरचनेतला सर्वांत नाजूक भाग वेळेचा. पोर्ट बंद झाले की कार्डाला ते लगेच कळते. पण केबलचा प्रकाश चालू राहिला आणि मधला स्विच मागण्या गिळून टाकू लागला, तर सर्व्हर उत्तराची वाट पाहत बसतो. लिनक्समध्ये डिस्कला दिलेल्या एका आज्ञेची मुदत साधारणपणे ३० सेकंद असते आणि पुनःप्रयत्नांमुळे थांबा आणखी वाढतो. एआयएक्समध्ये फायबर कार्डाच्या उपकरणावर ‘फास्ट_फेल’ आणि डायनॅमिक ट्रॅकिंग चालू केले, की तुटलेल्या मार्गावरच्या मागण्या लवकर परत येतात आणि दुसऱ्या मार्गाने पाठवता येतात.

ही मुदत वरच्या थराशी जुळली पाहिजे. ओरॅकलच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटात, कोणता सर्व्हर चालू आहे हे ठरवणाऱ्या व्होटिंग डिस्कच्या उत्तराची मुदत मुळात २०० सेकंद असते. मार्ग बदलायला याहून जास्त वेळ लागला, तर क्लस्टर तो सर्व्हरच बाहेर काढतो आणि दुसरा मार्ग असूनही सेवा थांबते.

सगळेच मार्ग गेले तर काय करायचे, हेही आधी ठरवावे लागते. लिनक्सच्या ‘नो_पाथ_रीट्राय’ या नोंदीत तीन पर्याय असतात: लगेच चूक कळवणे, मार्ग परत येईपर्यंत मागण्या रांगेत ठेवणे किंवा ठरावीक वेळा तपासून मग चूक कळवणे. तपासणी दर ५ सेकंदांनी होत असेल आणि आकडा १२ ठेवला, तर सर्व्हर सुमारे एक मिनिट धीर धरतो. एकट्या सर्व्हरवर रांग उपयोगी पडते. क्लस्टरमध्ये मात्र बेमुदत रांग घातक ठरते. अडकलेल्या प्रक्रिया सक्तीने बंद करताही येत नाहीत आणि काम दुसऱ्या सर्व्हरकडे जायला उशीर होतो.

परतीचा प्रश्न

फेलओव्हरइतकेच महत्त्व दुरुस्त झालेला मार्ग पुन्हा वापरात येण्याला, म्हणजे ‘फेलबॅक’ला आहे. आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवर एकाच यंत्रात अनेक स्वतंत्र एआयएक्स चालतात आणि त्यांना दोन व्हर्च्युअल आय/ओ सर्व्हरमार्फत डिस्क पुरवल्या जातात. देखभालीसाठी पहिला व्हर्च्युअल सर्व्हर बंद केला की काम दुसऱ्यावरून चालू राहते. पहिला पुन्हा सुरू झाला, तरी त्याच्याकडचा मार्ग ‘फेल्ड’ अवस्थेतच राहू शकतो. कारण अशा डिस्कवर ‘एचचेक_इंटरव्हल’ हा तपासणीचा कालावधी मुळात ० असतो. म्हणजे तपासणीच होत नाही. काही दिवसांनी दुसऱ्या व्हर्च्युअल सर्व्हरची देखभाल सुरू होते आणि सर्व डिस्क एकदम नाहीशा होतात. हा कालावधी ६० सेकंद ठेवला, तर मार्ग आपोआप परत येतो. ही एक नोंद राहून गेली, तर बाकीचा सगळा खर्च वाया जातो.

उलट, एखादी खराब केबल मिनिटामिनिटाला चालू-बंद होत असेल, तर मार्ग लगेच परत घेणे त्रासाचे ठरते. अशा वेळी मार्ग काही काळ स्थिर राहिल्यावरच परत घ्यावा किंवा परतीचा निर्णय माणसाकडे ठेवावा.

चाचणी कशी घ्यावी

चाचणी सर्व्हर प्रत्यक्ष सेवेत जाण्यापूर्वी घ्यावी. आधी एआयएक्सवर ‘एलएसपाथ’ आणि लिनक्सवर ‘मल्टिपाथ -एलएल’ या आज्ञांनी सर्व मार्ग चालू असल्याची नोंद घ्यावी. मग डिस्कवर सतत लिहिण्या-वाचण्याचा भार टाकावा. लिहिलेला डेटा पुन्हा वाचून ताडून पाहणारे साधन वापरावे आणि प्रत्येक नोंदीवर वेळ टाकावी, म्हणजे सर्वांत मोठा थांबा किती सेकंदांचा होता हे कळते.

त्यानंतर एका वेळी एकच बिघाड घडवावा: स्विचवरचे पोर्ट बंद करणे, केबल काढणे, पूर्ण स्विच बंद करणे, स्टोरेजचा एक कंट्रोलर पुन्हा सुरू करणे. आज्ञा देऊन मार्ग बंद करणे ही पुरेशी चाचणी नव्हे, कारण त्यात सॉफ्टवेअरला आधीच सूचना मिळते. खरा बिघाड सूचना देत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर बिघाड दूर करून सर्व मार्ग परत आल्याची खात्री करावी आणि मगच पुढे जावे. तसे न केल्यास दुसरी चाचणीच शेवटचा मार्ग तोडते.

दोन चाचण्या हमखास राहून जातात. पहिली, एक बाजू बंद असताना सर्व्हर नव्याने सुरू करून पाहणे. प्रणालीची डिस्क सॅनवर असेल आणि बूट यादीत एकाच मार्गाची नोंद असेल, तर सर्व्हर उठत नाही. दुसरी चाचणी भाराची. दोन मार्ग प्रत्येकी ७० टक्के भरलेले असतील, तर एक गेल्यावर उरलेल्याला १४० टक्के भार पेलता येणार नाही. गर्दीच्या वेळचा पूर्ण भार एका बाजूने वाहू शकतो, हे मोजूनच ठरवावे.

चाचणी एकदा घेऊन भागत नाही. कार्डाचे फर्मवेअर, स्विच, स्टोरेज किंवा प्रणालीची आवृत्ती बदलली की ती पुन्हा घ्यावी. मधल्या काळात बंद पडलेल्या मार्गाची सूचना माणसापर्यंत पोहोचली पाहिजे, कारण पहिला बिघाड वापरकर्त्याला जाणवत नाही आणि तो नुसता लॉगमध्ये पडून राहतो. देखभालीचे कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी दुसरी बाजू चालू आहे ना, हे पाहण्याचा नियम प्रत्येक डेटा सेंटरने लेखी ठेवावा आणि तो पाळावा. ज्याची चाचणी झालेली नाही, असा दुसरा मार्ग हिशेबात धरू नये.