केळीवरचा हरण्या आणि पानातली कात्री

एरंडोलला येऊन आरएनएवर बोलायचं, तर सुरुवात केळीपासूनच करू. तुमच्याकडे कापूस, तिकडे रावेर-यावलला केळी. पण दोन्हीकडे एक कीड सारखी आहे, मावा. कपाशीवरचा हा मावा केळीत कुकुंबर मोझॅक विषाणू नेऊ शकतो. त्या रोगाला आपण हरण्या म्हणतो. पानांवर पिवळे पट्टे येतात, पोंगा सडतो. गेल्या काही वर्षांत लोकांनी त्यापायी उभ्या बागा उपटल्यात.

आता प्रश्न असा, की झाड गप्प बसतं का? त्याला अँटीबॉडी नाहीत, पण पेशीत एक कात्री आहे. या विषाणूचा सगळा मजकूर आरएनएवर लिहिलेला असतो. तो स्वतःच्या प्रती काढायला लागला, की दुहेरी धाग्याचा आरएनए तयार होतो आणि तिथेच पेशीला संशय येतो. डायसर नावाचं प्रथिन तो धागा कापतं, २१ ते २४ अक्षरांचे तुकडे पडतात. ते वाया जात नाहीत बरं का! आर्गोनॉट नावाचं दुसरं प्रथिन असा तुकडा हातात धरतं, पोलिसाने फोटो धरावा तसा, आणि जुळणारा आरएनए दिसला की छाटतं. ही खबर नव्या पानांपर्यंतही जाते. रोगट तंबाखूची वरची नवी पानं निरोगी निघतात, हे विंगार्ड यांनी १९२८ मध्येच नोंदवलं होतं. ते छोटे तुकडे झाडात सापडले १९९९ मध्ये, हॅमिल्टन आणि बॉलकोम्ब यांना.

मग केळी हरते कशी? कारण विषाणूही तयारीने येतो. त्याचं '२बी' नावाचं प्रथिन त्या तुकड्यांना आणि आर्गोनॉटलाच अडकवून ठेवतं. कात्री बोथट!

म्हणून हरण्यावर हमखास औषध विकायला कुणी आलं, तर पैसे जपा. मावा काही सेकंद सोंड टोचून विषाणू उचलतो; कीटकनाशक लागू पडेपर्यंत तो पुढच्या झाडावर पोचलेला असतो. रोगट झाड दिसताच उपटा, केळीत काकडी-भोपळा घेऊ नका, रोपं विषाणूची तपासणी झालेली घ्या. सध्या हातात आहे ते एवढंच.

प्रयोगशाळेत मात्र गंमत चालू आहे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी '२बी'शी जुळणारा दुहेरी आरएनए चिकणमातीसारख्या सूक्ष्म कणांवर बसवून झाडांवर फवारला. संरक्षण सुमारे २० दिवस टिकलं. केळीला महिने लागतात हो, वीस दिवसांनी काय होणार?