रन म्हणजे नुसतं धावणं नव्हे

मागच्या मे महिन्यात होस्टेलला दोन दिवस टँकरच्या पाण्यावर काढावे लागले. का, ते बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. कारण होतं एक इंग्रजी क्रियापद, आणि ते चुकीचं वाचणारा मी होतो. तेव्हा या अंकात कबुली देऊन टाकतो.

विहिरीवर नवीन पंप बसला होता. पंपवाले मामा गावी गेलेले. परीक्षेमुळे आम्ही आठ-दहा पोरं मागे राहिलेलो. पंपावर लाल अक्षरांत पाटी होती, 'डू नॉट रन ड्राय'. आता मी गॅदरिंगच्या नाटकात होतो. तिथे 'ड्राय रन' हा शब्द रोज कानावर पडायचा. ड्राय रन म्हणजे मेकअप नाही, लाइट नाही, नुसती तालीम. मी मित्राला ठामपणे सांगितलं, "ट्रायल घेत बसू नका असं लिहिलंय रे, डायरेक्ट चालू कर!" विहीर तळाला गेलेली, फूटव्हॉल्व्ह उघडा पडलेला. दहा मिनिटं मोटर नुसती गरगरली, मग जळका वास आला. पंपातलं सील पाण्यामुळेच थंड राहतं आणि वंगणही त्याला पाण्याचंच मिळतं. पाणी नसेल तर घासणारे दोन्ही भाग थोड्याच वेळात तापून खलास होतात. हे आम्ही शिकलो होतो, पेपरात लिहिलंही होतं. पण त्याची सांगड पाटीवरच्या शब्दांशी घालता आली नाही.

आपल्यापैकी बरेच जण मराठी माध्यमातले. पाचवीत पाठ केलं 'रन म्हणजे धावणे', आणि तेवढ्या शिदोरीवर इंजिनियरिंगपर्यंत आलो. खुद्द इंग्रजांची काय स्थिती आहे बघा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. पुढच्या सुधारणेच्या कामात 'रन'ने त्याला मागे टाकलं. 2011 साली बातमी आली की एकट्या 'रन' या क्रियापदाचे 645 अर्थ निघालेत. ते लावायला पीटर गिलिव्हर या संपादकांना नऊ महिने लागले. म्हणजे आपली जवळजवळ दीड सेमिस्टर! तेव्हा आपण गोंधळलो तर फार लाजायचं कारण नाही.

645 अर्थ पाठ करण्यात काही हशील नाही. मला एक सोपी युक्ती सापडली आहे. वाक्यात 'रन' आलं की विचारायचं, हे 'रन' होणं बंद पडलं तर मराठीत काय म्हणू? उलटा शब्द सापडला की सुलटा आपोआप सापडतो. उदाहरणं शोधायला लांब जायला नको, कर्जत स्टेशनवर उभे राहा.

गाडी रन करते, म्हणजे धावते. उलटा शब्द थांबते. (आपली लोकल 'उशिराने धावत आहे' अशी घोषणा होते तेव्हा ती बहुधा कुठेतरी उभी असते. असो.) आता कर्जतहून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीपर्यंत रेल्वेचा फाटा आहे. इंग्रजीत ही लाइनसुद्धा 'रन' करते. रूळ कसे धावतील? मराठीत लाइन 'जाते', आणि खोपोलीला 'संपते'. तिसरा प्रकार नेरळ-माथेरानच्या गाडीचा. 1907 पासूनची ही गाडी पावसाळ्यात घाटातून 'रन' करत नाही. याचा अर्थ ती वाटेत थांबलेली आहे असा नाही. सेवा 'बंद' आहे. म्हणून इथे रन म्हणजे 'चालू असणे'. गाडी, रूळ आणि सेवा या तिन्हींना इंग्रजीत एकच शब्द, मराठीत तीन.

याच स्टेशनवर एक चौथा अर्थ आहे आणि तो जिवावरचा आहे. कर्जत-लोणावळा बोरघाटात चढ 37 ला 1 इतका आहे, म्हणजे 37 मीटर पुढे जाताना 1 मीटर वर. म्हणून वर जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावत आले आहेत. उतरताना भीती उलटी. गाडी ब्रेकला जुमानली नाही तर ती 'रनअवे' होते. घरातून पोरगं पळून गेलं तरी इंग्रजीत हाच शब्द. गाडीच्या बाबतीत मात्र 'पळून गेली' म्हटलं तर लोक हसतील. आपण म्हणतो 'अनावर झाली'. उलटा शब्द 'ताब्यात असणे'. अशा गाडीसाठी घाटात कॅच सायडिंग बांधलेली आहेत. मुख्य मार्ग सोडून चढावर जाणारा हा आडमार्ग. अनावर गाडी तिकडे वळते आणि चढावर तिचा वेग मरतो. इथे 'रन'मध्ये इंजिनाची ताकद नाही, ड्रायव्हरची इच्छाही नाही. आहे तो फक्त उतार.

उतारावरून पाणीही रन करतं. त्याला आपण वाहणे म्हणतो, उलटा शब्द आटणे. लोणावळ्याकडच्या धरणांचं पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली आणून टाटांनी 1915 साली खोपोलीला वीज सुरू केली. 1922 साली भिवपुरीचं केंद्र आलं. टर्बाइन फिरवून झालेलं पाणी खोपोलीकडे पाताळगंगेत आणि भिवपुरीकडे उल्हास नदीत येतं. म्हणून आजूबाजूचे ओहोळ मेमध्ये कोरडे पडले तरी या नद्या वाहतात. आता एकच प्रसंग इंग्रजीत सांगून बघा. पाणी रन करतं, टर्बाइन रन करतं, कंपनी केंद्र रन करते आणि ओहोळ रन ड्राय होतो. मराठीत पाणी वाहतं, टर्बाइन फिरतं, कंपनी केंद्र चालवते आणि ओहोळ आटतो. आमच्या पाटीवरचा 'रन ड्राय' मात्र या ओहोळाचाही नव्हता. पंप आटत नाही, तो कोरडा चालतो. आणि 'ड्राय रन' तर तिसरंच काहीतरी. दोन शब्दांची नुसती जागा बदलली की अर्थ बदलतो, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा सील जळून गेलं होतं.

माणसांच्या बाबतीत युक्ती जास्तच कामाला येते. मेस रन करणे म्हणजे चालवणे. निवडणुकीत अमेरिकन माणूस रन करतो, आपला उमेदवार 'उभा राहतो' (ब्रिटिशांचाही उभाच राहतो). उलटा शब्द माघार घेणे, म्हणजे रन इथे 'लढवणे'. नळाचं पाणी रन करायचं तर आपण नळ 'सोडतो'. नवीन टी-शर्टचा रंग रन झाला तर रंग 'जातो', आणि बादलीतल्या सगळ्या बनियनवर येतो. क्रिकेटमध्ये मराठीने झकास काम केलंय. रनला 'धाव' आणि रनआउटला 'धावचीत'. 'चीत' हा कुस्तीच्या आखाड्यातला शब्द, तो खेळपट्टीवर असा बसला की परका वाटतच नाही. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी मराठी क्रिकेट रेडिओवरून घराघरांत नेलं, त्यात असे शब्द कानांना सवयीचे झाले.

समानार्थी शब्द वापरतानाही जरा जपून. इंटरव्ह्यूत 'रन' टाळायचं म्हणून एका सीनियरने 'मी टेकफेस्ट ऑपरेट केला' असं सांगितलं. ऑपरेट मशीन होतं, नाहीतर पेशंट. तिथे 'ऑर्गनाइझ' किंवा 'मॅनेज' हवं होतं. पण 'मॅनेज' आपण मराठीत इतकं बदनाम केलंय (अटेंडन्स मॅनेज, सबमिशन मॅनेज) की तो शब्द तोंडात येतानाच माणूस ओशाळतो. प्रोग्रॅमला 'रन'ऐवजी 'एक्झिक्यूट' चालतं. तोच शब्द फाशी देण्यालाही आहे, आणि व्हायवाच्या आदल्या रात्री दोन्ही अर्थ बरोबर वाटतात.

मामा गावाहून आले तेव्हा मी सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, फक्त म्हणाले, "अरे, मराठीत लिवा की मग." आम्ही तिघे कागद घेऊन बसलो. पहिला मसुदा मी केला, 'पंप शुष्क अवस्थेत कार्यान्वित करू नये'. मामांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हंजे काय?" मग त्यांनीच सांगितलं आणि आम्ही लिहिलं. मराठीत मोटर रनही होत नाही आणि कार्यान्वितही होत नाही, ती लावतात. पंपघराच्या दारावर आता पांढऱ्या रंगात लिहिलेलं आहे: 'आधी विहिरीत बघा. पाणी नसेल तर मोटर लावू नका.'